मामांची बाग, बँकेची रांग आणि निफ्टी

नमस्कार श्रोतेहो. आज इंडेक्स फंड. निफ्टी म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी, आणि त्यांच्या भावांबरोबर वरखाली होणारा आकडाही. निफ्टीचा इंडेक्स फंड आपल्यासारख्यांचे पैसे गोळा करून त्या पन्नासही कंपन्यांचे शेअर ठरल्या प्रमाणात घेतो. कोणती चढेल, कोणती आपटेल, याचे आडाखे बांधायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून खर्च कमी. झालं, एवढंच.

आता मामा. माझ्या मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. २०१८ मध्ये माझ्या सांगण्यावरून त्यांनी निफ्टीच्या फंडात महिन्याला दोन हजारांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप जाणारी ठरलेली गुंतवणूक, सुरू केली. बँकेतूनच, कारण मोबाईलवर त्यांचा भरवसा नाही. मार्च २०२० आला. घडात साखर भरलेली आणि लॉकडाऊन लागला. व्यापारी येईना, मजूर गावी गेलेले. तिकडे निफ्टी जानेवारीत बारा हजारांवर होता, तो साडेसात हजारांच्या आसपास आला. मामांचा फोन, "अगं, इकडे माल झाडावर, तिकडे पैसे बुडाले. काढून घेऊ का?" खरं सांगते, मीही घाबरले होते. "थांबा" म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा बँकेत. दाराबाहेर खडूने आखलेले गोल, एकेका गोलात एकेक माणूस, डोक्यावर ऊन. दोन तासांनी मामा पहिल्या गोलात पोचले आणि जेवणाची सुट्टी झाली. मामा भडकले आणि तडक घरी आले. घरी मामी द्राक्षं डिपिंगच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरत होती, बेदाणे करायला. मामाही त्यात गुंतले, ते दोन आठवडे. बँकेचं राहून गेलं. एसआयपी चालूच राहिली, पडलेल्या भावात युनिट, म्हणजे फंडातले हिस्से, जास्त मिळत गेले. नोव्हेंबरपर्यंत निफ्टी पुन्हा बारा हजारांवर! मामा आता गावभर सांगतात, "मी धीर धरला." धीर कसला, जेवणाची सुट्टी!

आमच्या नाशिकची माणसं रविवारी मिसळीसाठी तासभर रांगेत उभी राहतात, पण फंडाला सहा महिनेही देत नाहीत. आणि मिसळीबरोबर ब्रेड मागणाऱ्यांबद्दल मी आज काही बोलणार नाही.

तर सुरुवात करणाऱ्यांनी काय करायचं? पॅन, आधार, बँक खातं, केवायसी. योजना निवडताना नावात 'डायरेक्ट' आहे का ते बघा. २०१३ पासून ही सोय आहे, त्यात एजंटाचं कमिशन जात नाही. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, मग एसआयपी. पुन्हा सांगते, आधी घरखर्च, मग एसआयपी. लग्नाचे, फीचे, पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे यात घालू नका. दहा-पंधरा वर्षं हात लावायची गरज पडणार नाही, तेवढेच घाला. आणि तुमच्या भाऊजींनी गळ्यात मारलेली विमा पॉलिसी ही गुंतवणूक नव्हे, हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत करा. मी केली, वर्षभर अबोला होता.

आणि फॉर्मवर नॉमिनीचं नाव भरा. मामांनी मामीचं भरलंय, पण तिला सांगितलेलं नाही. आता कळलं असेल.