मेलेल्या कोंबडीला भरपाई नाही

मंडळी, निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून आज तुम्ही शेड सोडून आलात, तेव्हा पैशांपासूनच सुरुवात करतो. बर्ड फ्लूची भरपाई सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, सोबत नष्ट केलेली अंडी आणि खाद्याचीही. रोगाने आधीच मेलेले पक्षी त्यात धरत नाहीत.

2021च्या साथीत राज्यातले दर असे होते: अंड्यावरचा पक्षी, म्हणजे लेयर, 8 आठवड्यांपर्यंत 20 रुपये, त्यापुढे 90. ब्रॉयलर 6 आठवड्यांपर्यंत 20, त्यापुढे 70. अंडे 3 रुपये, खाद्य किलोला 12. आता 5,000 लेयरचे शेड धरा. 200 मेल्यावर कळवले आणि उरलेले 4,800 पथकाने नष्ट केले, तर 4 लाख 32 हजार. वाट बघत 2,000 गेले, तर 2 लाख 70 हजार. हा रोग दिवसागणिक शेड रिकामे करतो, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणण्याची किंमत एवढी मोठी आहे.

दर पुरेसे आहेत असे मी म्हणणार नाही. अंड्यावर येईपर्यंत तलंग, म्हणजे वाढती कोंबडी, साधारण 6 किलो खाद्य खाते. सरकारच्याच 12 रुपये दराने त्याचे 72 झाले. उरलेल्या 18 रुपयांत पिल्लू, लस, वीज आणि मजुरी कशी बसवायची? शेड रिकामे राहते त्या दिवसांचा तर या दरांत विचारच नाही. ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. कंपनीच्या करारावर ब्रॉयलर सांभाळणाऱ्यांनी करारात एक ओळ आजच शोधावी: पक्षी कंपनीचे, मग भरपाई आली तर वाढवणाऱ्याला किती? ओळ नसेल तर पुढची बॅच घेण्याआधी लिहून घ्या.

मरतूक अचानक वाढली, तुरे निळे पडले, खाणे-अंडी एकदम घटली, की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेला पक्षी शेडवर फाडू नका, गाडीत घालून हिंडवू नका. पक्की खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेतून होते. अहवाल होकारार्थी आला की 1 किलोमीटरच्या आतले निरोगी पक्षीही नष्ट करतात. त्यांनाही भरपाई असते. 10 किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण चालते. पंचनाम्याच्या वेळी तुमची नोंदवही बोलते: रोजची मरतूक, शिल्लक पक्षी, वय, खाद्याची पावती, लसीची तारीख आणि बॅच क्रमांक.

लसीची नोंद कशाला? मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू सुरुवातीला सारखेच दिसतात: हिरवी हगवण, मान वाकडी, पटापट मर. मानमोडीचे लसीकरण नीट झाल्याचे वहीत दिसले, तर डॉक्टरांना बर्ड फ्लूचा संशय लवकर येतो. मानमोडीची लासोटा लस पिल्लू 5 ते 7 दिवसांचे असताना डोळ्यात एक थेंब, पुन्हा 28व्या दिवशी पाण्यातून. लेयरला 8 आठवड्यांच्या सुमारास त्याच रोगाच्या आरटूबी लसीचे इंजेक्शन. पाण्यातली लस क्लोरीनमुळे वाया जाऊ शकते. आदल्या दिवसापासून पाण्यात क्लोरीन किंवा दुसरे औषध टाकू नका. लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर टाकून 20 मिनिटे थांबा, मगच लस घाला. 28 दिवसांच्या 1,000 पक्ष्यांना 28 लिटर धरा, उन्हाळ्यात थोडे वाढवा. पक्षी आधी तास-दीड तास तहानलेले ठेवा, म्हणजे दोन तासांत पाणी संपते.

‘मग बर्ड फ्लूचीच लस द्या’ असे विचारले जाते. सौम्य एच9एन2 प्रकाराची लस आपल्याकडे आहे. घातक एच5एन1साठी मात्र आपले धोरण पक्षी नष्ट करण्याचे आहे. कारण लस दिलेला पक्षी सहसा मरत नाही, पण विषाणू बाहेर टाकू शकतो. मरतूक ही धोक्याची घंटा, तीच वाजत नाही. फ्रान्सने ऑक्टोबर 2023पासून बदकांना लस सुरू केली, पण सतत तपासण्या ठेवाव्या लागल्या, आणि अमेरिकेने त्यांच्या मालावर निर्बंध घातले. लस आणायची असेल तर तपासणीची तेवढी फौज आधी जिल्ह्यात उभी राहायला हवी. तोवर तुमच्या हातात शेडच्या दारातला चुन्याचा पट्टा, वेगळी चप्पल आणि जाळीची भोके बुजवणे आहे. कावळा आत आला नाही पाहिजे. नांदूर मधमेश्वरच्या धरणावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा धरणाचे पाणी कोंबड्यांना थेट पाजू नका.