बिऱ्हाड आधी, दिवा मागून

[दृश्य : वडगाव, बेळगाव. मागाचा धोटा अगदी जवळून. पहिले दहा सेकंद निवेदन नाही, फक्त मागाचा आवाज.]

वडगावच्या या गल्लीत दिवस असाच उजाडतो. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि साडी बोटभर पुढे सरकते. खालच्या सोप्यात चार माग. लाकडी जिना चढून वर गेलं की माळा. तिथं सुताच्या कोनांची पोती, पत्र्याचे डबे, आणि खिडकीला लागून दोन जुने कॉम्प्युटर. दोघांना जोडणारी एक निळी वायर.

[दृश्य : स्क्रीन. काळा नकाशा, मधोमध उजळलेला लहानसा तुकडा.]

खाली आषाढ चालू आहे. वर माळ्यावर इ.स.पू. ४०००.

हा फ्रीसिव्ह, कॉम्प्युटरवरचा खेळ. फेरीफेरीनं गावं वसवायची, विद्या मिळवायच्या, राज्य वाढवायचं. नकाशा काळा आहे, कारण तो अजून कुणी पाहिलेला नाही. प्रत्येकाच्या हाताशी दोन बिऱ्हाडं, दोन गडी आणि एक वाटाड्या. खेळात त्यांची नावं सेटलर्स, वर्कर्स, एक्सप्लोरर अशी आहेत, पण या माळ्यावर ती कुणाच्या तोंडी नाहीत. संसार पाठीवर घेऊन नवी जागा शोधत निघालेल्यांना आपण बिऱ्हाड म्हणतो, म्हणून ते बिऱ्हाड. गावाची कामाची ताकद ढालीच्या चित्रानं दाखवतात, म्हणून ती ढाल. संशोधन मोजायला विजेचा बल्ब, म्हणून दिवा. हे शब्द कुणी ठरवून केले नाहीत. खेळता खेळता झाले. मला या सगळ्यात तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

[दृश्य : दोन पाठमोऱ्या आकृती. आक्का डावीकडे, धाकटा उजवीकडे. मागे उभा असलेला मित्र.]

आक्का बीकॉमला. धाकटा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला. मागे उभा आहे तो शेजारच्या घरातला मित्र. त्याच्या घरी कन्नड बोलतात, त्यामुळे सल्ले दोन भाषांतून येतात आणि दोघांनाही कळतात.

फ्रीसिव्हची वंशावळ थोडक्यात सांगायला हवी. १९८० साली फ्रान्सिस ट्रेशॅम या इंग्रज माणसानं पटावरचा एक खेळ काढला. त्यात खेळाडूंनी नुसत्या सोंगट्या हलवायच्या नव्हत्या, एकेक विद्या मिळवत पुढच्या विद्येपर्यंत जायचं होतं. १९९१ मध्ये सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा सिव्हिलायझेशन हा कॉम्प्युटरवरचा खेळ आला. आणि १९९५ च्या शेवटी डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी त्याच धर्तीवर, पण वायरीवरून अनेकांना मिळून खेळता येईल असा खेळ लिहायला घेतला. १९९६ च्या जानेवारीत तो लोकांसाठी खुला झाला. तेव्हापासून तो फुकट आहे. त्यातला कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. या माळ्यावरचे दोन जुने कॉम्प्युटर अजून कामात आहेत ते त्याच्यामुळे.

[दृश्य : आक्काची वही. पेन्सिलीनं काढलेले चौकोन, चार कोपरे कापलेले.]

या वहीवर कॅमेरा जरा जास्त वेळ थांबला आहे. थांबायलाच हवा होता.

गाव वसलं की त्याच्या आसपासचे २१ चौकोन त्याच्या हद्दीत येतात. पाच बाय पाच, चार कोपरे वगळून. मधला चौकोन, म्हणजे खुद्द गाव, आपोआप पिकतो, त्याला माणूस लागत नाही. बाकीच्यांपैकी एका चौकोनाला एक माणूस. एका माणसाचं गाव म्हणजे दोन चौकोन पिकतात. दोन माणसांचं गाव, तीन चौकोन.

आता बिऱ्हाड. जुन्या क्लासिक नियमांनी ते उभं करायला ३० ढाली लागतात आणि गावातला एक माणूस कमी होतो. दोनाचं गाव पुन्हा एकाचं. धाकट्याला इथंच नेहमी वाईट वाटतं. वाढलेलं गाव आपल्या हातानं कशाला लहान करायचं?

पण वहीतली बेरीज बघा. जुन्या गावाचा एक चौकोन पडीक झाला. ते बिऱ्हाड दोन-तीन चौकोन पुढे जाऊन वसलं की तिथं दोन चौकोन पिकायला लागले. माणसं तेवढीच. जमीन एकानं जास्त. आणि पुढची वाढ आता दोन ठिकाणी होणार.

[दृश्य : येळ्ळूरचं शिवार. पावसात नट्टी, म्हणजे भाताची लावणी. ओळीनं वाकलेल्या बायका.]

हे आज्जीला कुणी शिकवावं लागलं नाही. तिचं माहेर येळ्ळूर. बेळगावच्या बासमती भातानं नाव कमावलं ते याच शिवारात. तरवा, म्हणजे भाताचं रोप, आधी एकाच वाफ्यात दाट टाकतात. रोपं पुरेशी वाढली की उपटायची, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या वाफ्यांत नट्टी करायची. रोपं काढलेला वाफा दोन दिवस उघडाबोडका दिसतो. म्हणून तरवा कुणी वाफ्यातच ठेवत नाही.

आज्जी : “दाटीत ठेवलास तर पिवळं पडतंय की रे ते.”

हे ती भाताबद्दल बोलली. आक्कानं ते स्क्रीनकडे बघत ऐकलं.

(निवेदन थांबतं. पाऊस आणि चिखलातल्या पावलांचा आवाज.)

[दृश्य : स्क्रीन. विद्यांचा तक्ता, एकमेकांना जोडणाऱ्या रेघा.]

दुसरा प्रश्न विद्येचा. आधी काय शिकायचं?

धाकट्यानं ब्राँझ निवडलं. त्यानं भालाईत मिळतात, आणि ऱ्होड्सचा तो प्रचंड पुतळा, कोलॉसस, बांधता येतो. पुतळा असलेल्या गावाचा व्यापार वाढतो. मोहात पडावं असंच आहे ते. पण पुतळा म्हणजे कितीतरी बिऱ्हाडांची ताकद एकाच गावात ओतणं, आणि ती ओतली जात असताना बाकीच्या मोकळ्या जमिनीवर दुसऱ्या कुणाचं तरी बिऱ्हाड चालत येत असतं. त्यानंतर त्यानं अक्षरओळख घेतली, मग लेखन, मग ग्रंथालय. ग्रंथालयामुळे गावाचे दिवे दीडपट होतात. ऐकायला भरघोस वाटतं. पण ज्या गावात फेरीला दोनच दिवे पेटतात तिथं दीडपट म्हणजे तीन. एका दिव्यासाठी दोन बिऱ्हाडांहून जास्त ढाली गेल्या. वाचनालयांवर जीव असलेल्या या शहरात हे बोलणं जड जातं, तरी बोलतो: तीन गावांच्या राज्याला ग्रंथालय परवडत नाही. दहा गावं झाल्यावर ते पहिल्या दिवसापासून कामाला येतं.

आक्काची वाट वेगळी. अक्षरओळख, अंत्यसंस्कार, कायदा, राजेशाही. चार विद्या, चौथीत राज्यपद्धतच बदलते. हीच वाट का, ते समजून घेण्यासारखं आहे.

[दृश्य : गावाचा पडदा. कुरणाच्या चौकोनावर बोट.]

सुरुवातीला सगळे एकाधिकारशाहीत असतात. तिथं एक जाच आहे. ज्या चौकोनातून कुठलीही गोष्ट दोनपेक्षा जास्त निघते, तिथं एक कापला जातो. कुरणात मुळात दोन अन्न. पाणी खेळवलं तर तीन व्हायला हवेत, पण तिसरा कापला जातो, म्हणजे पुन्हा दोनच. गड्याची मेहनत पाण्यात. धाकट्याचे गडी दहा फेऱ्या कुरणात पाट काढत होते. आक्काच्या गड्यांनी माळाला पाणी दिलं, कारण माळाचं अन्न एकच असतं, ते दोन झालं तरी कुणी कापत नाही. कुरणात त्यांनी रस्ते केले. रस्त्यानं चौकोनाला एक व्यापार मिळतो आणि व्यापारातूनच दिवे पेटतात. राजेशाही आली की तो जाच जातो, आणि मग कुरणातला पाट खरा लाभतो. संशोधनाला द्यायचा वाटाही ६० टक्क्यांवर अडकला होता, तो ७० पर्यंत नेता येतो.

आणि वाटेतला अंत्यसंस्कार? त्यातून मंदिर मिळतं. गावं वाढली की गावोगाव नाराजी वाढते, ही जास्त वस्तीची किंमत आहे. मंदिरानं ती निवते. म्हणजे ज्या वाटेनं राजेशाहीकडे जायचं, त्याच वाटेवर वस्तीच्या दुखण्याचं औषध ठेवलेलं आहे. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी चित्रीकरण थांबवून तक्ता पुन्हा पाहिला होता.

[दृश्य : राकसकोप जलाशय. मग मार्कंडेय नदीच्या काठची भाजीची रानं.]

जागा कुठली धरायची? पाण्याजवळची. खेळात पाट काढायला शेजारच्या चौकोनात नदी, तळं, समुद्र किंवा आधी भिजलेलं रान लागतं. आडव्या-उभ्या शेजाराला लागून, कोनातून चालत नाही. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फोडावं तसं पुढे न्यायचं. मार्कंडेयच्या काठानं हिंडलं की हे डोळ्यांना दिसतं. जिथवर पाणी पोचतं तिथवर हिरवं, पुढे माळ.

[दृश्य : बेळगावचा किल्ला. खंदक. कमल बस्ती या जैन मंदिराचं दगडी कमळाचं छत.]

हा किल्ला रट्ट राजांच्या काळातला, १२०४ चा. रट्टांची गादी आधी सौंदत्तीला होती, नंतर ती इथं वेणुग्रामला आली. खेळातही राजवाडा दुसऱ्या गावी हलवता येतो, आणि त्याला कारण असतं. राजधानीपासून गाव जितकं लांब, तितका त्याचा व्यापार वाटेत गळतो. म्हणून आक्का पहिली गावं जवळजवळ वसवते. मधे एक चौकोन मोकळा राहिला तरी नियमाला चालतं, ती दोन ठेवते. हद्दी एकमेकींवर चढतात, तिला त्याचं काही वाटत नाही. जलवाहिनी बांधेपर्यंत गाव आठ माणसांपुढे जातच नाही. आठ माणसं आणि मधला चौकोन, मिळून नऊ. एकवीस चौकोन राखून ठेवले तर बारा नुसतेच पडून.

धाकटा ऐसपैस वसवतो. त्याच्या दोन गावांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात अठ्ठाविसाव्या फेरीला आक्काचं बिऱ्हाड येऊन बसलं.

[दृश्य : नकाशावर पसरणारी रंगीत रेघ. धाकट्याचा चेहरा.]

गाव वसलं की त्याच्याभोवती सीमा उमटते. परक्याच्या सीमेत आपलं गाव वसवता येत नाही. जो आधी पोचला, त्याची.

[दृश्य : घराची दर्शनी भिंत. दगडी पायरी. आज्जी बसलेली.]

हे घर १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. एक वीट न हलता.

(निवेदन थांबतं. आज्जीवर सात सेकंद.)

[दृश्य : वाटाड्या एका खोपटाजवळ. मित्र वाकून स्क्रीनकडे बघतो.]

काळ्या नकाशात अशी खोपटं विखुरलेली असतात. आत शिरावं तर कधी सोनं, कधी एखादी विद्या, कधी सोबत यायला तयार असलेलं पथक, आणि कधी पेंढारी. आक्कानं घरी शिपाई उभा केल्याशिवाय जवळचं खोपटं उघडलं नाही. दहा ढालींचा साधा शिपाई. तो लढाईत फारसा टिकत नाही, पण गाव रिकामं नसतं, आणि एकाधिकारशाहीत गावात शिपाई असला की एक नाराज माणूस गप्प बसतो. या खोपटात ५० नाणी निघाली. मित्राची टाळी ऐकू येते आहे ती त्यासाठीच.

[दृश्य : अचानक अंधार. खाली माग एकामागून एक थांबतात.]

(निवेदन नाही. वीस सेकंद. पाऊस.)

[दृश्य : खिडकीतला उजेड. दोघं बसून आहेत. आज्जी चहा घेऊन जिना चढते.]

लाईट गेली की खाली साडीचं काम अर्ध्यात राहतं. वरचा खेळ मात्र फेरीफेरीनं चालतो आणि प्रत्येक फेरी आपोआप जतन होते. दोघांनी फेरी संपवल्याशिवाय वर्ष पुढे जात नाही. घाई कुणालाच नाही. ज्याला जलद बोटं नाहीत, ज्याच्या घरी वीज जाते-येते, ज्याला मधेच खाली जाऊन कांड्या भराव्या लागतात, त्याच्यासाठी हा खेळ आहे. पाऊण तासानं लाईट आली. बिऱ्हाड होतं तिथंच उभं होतं.

[दृश्य : स्क्रीन. इ.स.पू. १०००. दोन रंग.]

फेरीला ५० वर्षं, साठ फेऱ्या. आक्काची अकरा गावं, धाकट्याची चार आणि एक पुतळा. पुढच्या रविवारी लढाई झाली, धाकट्याची दोन गावं गेली, आक्काच्या तीन गावांत दंगे झाले, आणि खेळ आवरला.

[दृश्य : नवा काळा नकाशा.]

लगेच दुसरा मांडला. या वेळी धाकट्यानं राजधानीच्या कामांची यादी स्वतः लिहिली. शिपाई, बिऱ्हाड, बिऱ्हाड. त्याच्याकडे मोठं, नदीचं खोरं आलं होतं.

आक्काचा वाटाड्या सहाव्या फेरीला परतला. पूर्वेला पाणी, दक्षिणेला पाणी, उत्तरेला दोन डोंगर आणि पुन्हा पाणी. बेटावर फार तर चार गावं मावतील. तिनं वही उघडली, चौकोन मोजले, आणि राजेशाहीची वाट खोडली. अक्षरओळख, मग नकाशाविद्या. नकाशाविद्येनं वल्ह्यांची नाव मिळते. ती किनारा सोडून जात नाही आणि एका वेळी दोनच पथकं नेते.

धाकटा : “आक्का, तुझी बिऱ्हाडं कुठं जाणार गं?”

आक्का : “थांब की जरा.”

[दृश्य : स्क्रीनवर नाव. नावेत दोन बिऱ्हाडं. पुढे काळं. खालून मागाचा आवाज पुन्हा सुरू होतो.]