कवितेखालची तारीख : किम सू-यंग

मंडळी, किम सू-यंग या कोरियन कवीचं आयुष्य सांगायचं तर कवितेच्या खाली नजर टाकावी लागते. कविता पूर्ण झाली की हस्तलिखिताच्या शेवटी तो वर्ष, महिना, दिवस लिहायचा. १९६०नंतरच्या बहुतेक कवितांखाली ही तारीख त्याच्या समग्र खंडात छापलेली आहे. भाषांतरांत ती सर्रास गळते. जागा वाचवायची असते, किंवा कविता 'कालातीत' वाटावी असा संपादकाचा आग्रह असतो. किमच्या बाबतीत हे मोठं नुकसान आहे. कोरियात १९५० ते १९६५ या काळात एकेका आठवड्यात माणसाचं बोलणं गुन्हा ठरत होतं किंवा गुन्हा ठरायचं थांबत होतं. कुठलं वाक्य कुठल्या दिवशी लिहिलं, यावर ते लिहायला किती धैर्य लागलं हे ठरतं.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९२१चा, सोलचा. कोरिया १९१०पासून जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे शाळा जपानी, पाठ्यपुस्तकं जपानी. पुढे तो तोक्योला गेला, तिथे नाटकाकडे वळला. कोरियन विद्यार्थ्यांना जपानी सैन्यात ओढायला सुरुवात झाली तेव्हा परतला आणि कुटुंबासह मांचुरियातल्या चिलिनला गेला. १९४५मध्ये जपान हरला, देश सुटला, आणि तेवीस वर्षांचा हा तरुण सोलला येऊन कोरियनमध्ये कविता लिहू लागला. ज्या भाषेत तो शिकला ती सत्ताधाऱ्यांची, आणि ज्या भाषेत लिहायचं ती घरात बोललेली पण शाळेत न शिकवलेली. साठच्या दशकातही त्याच्या टिपणांत जपानी डोकावते. १९६६मधलं एक काव्यविषयक टिपण तर त्याने मुळात जपानीतच लिहिलं होतं. त्याच्या ओळींचा खडबडीतपणा, गद्याकडे झुकणारी वाक्यं यांना समीक्षक 'आधुनिकता' म्हणतात. ते खरं आहेच. पण मला त्यात लिहिण्याची भाषा स्वतःच घडवत नेणाऱ्या माणसाचा सावधपणाही दिसतो.

१९४९मध्ये पार्क इन-ह्वान वगैरे तरुण कवींबरोबर त्याने एक सामाईक संग्रह काढला. नवं शहर, नवे नागरिक, असा त्याचा सूर होता. वर्षभरात ते शहर उरलं नाही.

२५ जून १९५०ला उत्तर कोरियाचं सैन्य ३८व्या अक्षांशाच्या, म्हणजे दोन कोरियांमधल्या सीमेच्या, खाली उतरलं. सोल तीन दिवसांत पडलं. त्या तीन दिवसांचा क्रम नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री २७ तारखेला पहाटेच शहर सोडून गेले. त्यानंतरही रेडिओवरून सरकारचा धीर देणारा आवाज लोकांना ऐकू येत राहिला. २८ जूनला पहाटे अडीचच्या सुमारास दक्षिणेच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला, तोही पुलावर माणसं असताना. शहराची बहुसंख्य वस्ती नदीच्या उत्तरेला होती. म्हणजे जे मागे राहिले त्यांतले बहुतेक निवड करून राहिलेले नव्हते. पण सप्टेंबरअखेर सोल परत मिळालं तेव्हा सरकारने माणसांची दोन गटांत विभागणी केली: नदी ओलांडून गेलेले आणि मागे राहिलेले. पहिले देशभक्त, दुसरे संशयित. शत्रूला सहकार्य केल्याच्या आरोपाखाली हजारोंची चौकशी झाली.

किम मागे राहिलेल्यांतला. उत्तरेच्या ताब्यातल्या सोलमध्ये लेखकांना साहित्यिक संघटनेत हजेरी लावावी लागे, आणि ऑगस्टमध्ये तिथूनच त्याला 'स्वयंसेवक सेने'त उचललं. नाव स्वयंसेवक, भरती सक्तीची. त्याला उत्तरेला प्योंगान प्रांतात केचॉनच्या प्रशिक्षण छावणीत नेलं. पुढचा तपशील त्याच्याच एका कवितेत आहे. आजारी आणि जखमी युद्धकैद्यांची पहिली अदलाबदल झाल्यावर, मे १९५३च्या सुरुवातीला, परत आलेल्या कैदी सोबत्यांना उद्देशून त्याने ती लिहिली. छावणीतून तो पळाला, पण सुन्चॉन गावापर्यंतही पोहोचला नाही. अंधारात उत्तरेच्या गृहखात्याच्या फौजेने त्याला पकडलं. पळताना त्याने बंदूक आणि रशियन गणवेश जमिनीत पुरले होते. ते तीन दिवस शोधून काढले, तेव्हा कुठे गोळीपासून जीव वाचला. हे सगळं तो एखाद्या जबानीसारखं, गावांची नावं घेत सांगतो. त्याचं कारण उघड आहे. ज्या माणसाला दोन्ही बाजूंना 'मी तुमचा शत्रू नाही' हे सिद्ध करावं लागतं, त्याला जागा आणि दिवस अचूक सांगता यावे लागतात. तारीख लिहिण्याची सवय इथून लागली असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण ही कविता वाचल्यावर ती सवय निव्वळ टापटीप वाटेनाशी होते.

दुसऱ्या प्रयत्नात तो निसटला. ऑक्टोबरमध्ये सोलला पोहोचला, आणि घराच्या जवळ आलेला असताना दक्षिणेच्या पोलिसांनी त्याला धरलं. उत्तरेच्या सैन्यातून आलेला, म्हणजे युद्धकैदी. ज्या राज्याचा तो नागरिक होता, त्याच राज्याचा तो कैदी झाला.

इथे अभ्यासकांची हमखास फसगत होते. त्याच्या चरित्रांत 'गोजे' हे नाव येतं आणि सगळे एकदम गोजे-दो गृहीत धरतात. 'दो' म्हणजे बेट. युद्धातली सर्वांत मोठी छावणी त्या बेटावर होती. तिथे दीड लाखाहून अधिक कैदी होते आणि कुंपणाच्या आत साम्यवादी व साम्यवादविरोधी गटांच्या हाणामाऱ्या, खून चालत. मे १९५२मध्ये कैद्यांनी छावणीचा प्रमुख, अमेरिकन ब्रिगेडियर जनरल डॉड, यालाच पकडून तीन दिवस ओलीस ठेवलं होतं. पण बुसान शहरात गोजे-री नावाची वस्ती होती. तिथेही छावणी होती, आणि कैद्यांसाठीचं १४वं फील्ड हॉस्पिटलही. किम काही काळ बेटावर होता, पण त्याच्या कैदेचा मोठा भाग या बुसानच्या रुग्णालयात गेला. इंग्रजी येत असल्याने तो दुभाष्याचं काम करी. दोन्ही जागा एकच धरल्या की त्याची बंदिवासातली वर्षं केवळ दंगलींची होतात. त्याच्या कवितेत मात्र त्या वर्षांतून परत येतात त्या नर्स, गॉझच्या घड्या आणि स्पंज. नोव्हेंबर १९५२च्या अखेरीस तो सुटला.

इथे एक गोष्ट मराठी वाचकांसाठी सांगायलाच हवी. किम सुटल्यानंतरच्या वर्षी शस्त्रसंधी झाली, तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांचा ताबा भारताकडे आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि प्रत्यक्ष कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. बावीस हजारांहून अधिक माणसांना 'उत्तर की दक्षिण' हा प्रश्न या दलाच्या पहाऱ्यात पुन्हा ऐकावा लागला. 'दोन्ही नकोत' म्हणणारे ८८ जण १९५४मध्ये भारतात आले. १९६०मध्ये छे इन-हूनने याच विषयावर कादंबरी लिहिली, आणि नायकाला तिसऱ्या देशाकडे नेणाऱ्या जहाजाचं नाव ठेवलं 'टागोर'. किमकडे असा तिसरा पर्याय नव्हता. तो सोलमध्येच राहिला.

१९५०च्या दशकाचा उरलेला भाग भराभर सांगतो. १९५५मध्ये तो हान नदीकाठच्या कुसू-डोंगला राहायला गेला. घर चालायचं ते कोंबड्या पाळून आणि भाषांतरं करून. १९५७मध्ये कोरियन कवी संघाचं पहिलं पारितोषिक त्याला मिळालं. १९५९मध्ये 'चंद्रलोकीचा खेळ' हा संग्रह आला. हयातीत त्याचा स्वतंत्र असा एवढाच संग्रह निघाला. त्यामुळे १९६०नंतरचा मोठा किम ज्यांना वाचायचा आहे, त्यांनी या संग्रहावर थांबू नये.

आता १९६०. या वर्षासाठी एका बाजूला कविता आणि दुसऱ्या बाजूला कॅलेंडर ठेवा.

१५ मार्चला री यांच्या पक्षाने निवडणूक लुबाडली. मासान शहरात निदर्शनं झाली, किम जू-यूल नावाचा विद्यार्थी बेपत्ता झाला. ३ एप्रिलला किम सू-यंगने एक दीर्घ कविता लिहिली. आपले शत्रू सिनेमातल्या कर्क डग्लससारखे उग्र दिसत नाहीत, असं तो तिच्यात म्हणतो. ते साधे असतात, ट्राममधून फिरतात, स्वतःला लोकशाहीवादी म्हणवतात. त्यांच्याशी लढाईही लोकशाहीच्या रीतीने व्हायला हवी, आणि आकाशाला जशी सावली नसते तशी त्या लढाईलाही नसते. तारीख विसरलात तर ही क्रांतीनंतरची शहाणीव वाटेल. पण अजून क्रांती झालेलीच नाही. जू-यूलचा मृतदेह, डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेला, मासानच्या बंदरात सापडला तो ११ एप्रिलला. १९ एप्रिलला सोलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला. साऱ्या आंदोलनात मिळून दीडशेहून अधिक माणसं मारली गेली. २६ एप्रिलला री यांनी पायउतार होण्याची घोषणा केली.

त्याच २६ एप्रिलच्या पहाटेची कविता आहे. राष्ट्राध्यक्षांचा फोटो शाळेत, कचेरीत, दुकानात, घराघरात टांगलेला असे. तो आधी उतरवा आणि शौचाला वापरा, असं ती कविता ओरडून सांगते. तिला कोणी असभ्य म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. बारा वर्षं भिंतीवरून खाली पाहणाऱ्या चेहऱ्याखाली जगलेल्या माणसाची ती पहिली मोकळी सकाळ आहे.

महिनाभरात सूर बदलतो. २५ मेच्या कवितेत तो चिडलेला आहे. जुन्याच कायद्याच्या पोथीचा आधार घेऊन क्रांती मागणारे मूर्ख आहेत, असं म्हणतो. १५ जूनला 'निळं आकाश' येते. चंडोलाच्या स्वातंत्र्याचा हेवा करणाऱ्या कवीला तो दुरुस्त करतो: जो स्वातंत्र्यासाठी एकदा तरी उडाला आहे त्यालाच कळतं की स्वातंत्र्याला रक्ताचा वास का येतो, आणि क्रांती एकाकी का असते.

६ ऑक्टोबरची कविता तर तेव्हा कोणी छापलीच नाही. शत्रुदेशाच्या, म्हणजे उत्तर कोरियाच्या, नेत्याचा जयजयकार हेच तिचं शीर्षक होतं. त्याला त्या नेत्याबद्दल प्रेम असण्याचा प्रश्नच नव्हता, त्याच्या छावणीतून तो जीव घेऊन पळाला होता. त्याचा मुद्दा एवढाच होता की हे शब्द उच्चारायची मुभा मिळेल तिथून कोरियात भाषणस्वातंत्र्य सुरू होईल. त्याने 'झोपेतलं बरळणं' असं सौम्य शीर्षकही देऊन पाहिलं. तरीही ती वाचकांसमोर यायला २००८ साल उजाडलं. अठ्ठेचाळीस वर्षं! आणि ३० ऑक्टोबरच्या कवितेची पहिली ओळ: क्रांती काही झाली नाही, मी फक्त खोली बदलली. फोटो उतरवण्याच्या पहाटेपासून इथवर सहा महिने आणि चार दिवस.

१६ मे १९६१ला पार्क चुंग-हीच्या सैन्याने सत्ता घेतली. जुलैमध्ये साम्यवादविरोधी कायदा आला. त्याच उन्हाळ्यात किमने नऊ कवितांची मालिका लिहिली. जुन्या चिनी कवीने नोकरी सोडून गावी परतण्याची रचना केली होती, तिच्या नावापुढे 'नवी' लावून. फरक असा की हा कवी परततो तो स्वतःच्याच घराच्या चार भिंतींत.

४ नोव्हेंबर १९६५च्या कवितेपाशी मी थांबतो, कारण वर सांगितलेलं सारं तिच्यात एकत्र येतं. जुन्या राजवाड्यातून बाहेर पडताना तो स्वतःला विचारतो: मी क्षुल्लक गोष्टींवरच का संतापतो? पन्नास वॉनच्या कालबीत, म्हणजे बरगडीच्या मांसात, चरबीच जास्त आली म्हणून हॉटेलवालीवर चिडतो. वीस वॉन मागायला पुन्हा पुन्हा येणाऱ्या रखवालदाराचा द्वेष करतो. पण पकडून नेलेल्या कादंबरीकारासाठी बोलत नाही, व्हिएतनामला सैन्य पाठवण्याला विरोध करत नाही. दोन्ही संदर्भ त्याच वर्षाचे आहेत: नाम जंग-ह्यनला एका कथेबद्दल अटक झाली होती, आणि संसदेने लढाऊ तुकड्या पाठवायला ऑगस्टमध्ये संमती दिली होती. मग त्याला बुसानचं १४वं फील्ड हॉस्पिटल आठवतं. तिथे तो नर्सबरोबर गॉझच्या घड्या घालत बसायचा, आणि कैद्यांच्या पोलिसांत का जात नाहीस म्हणून त्याला हिणवलं जायचं. तेव्हाही मी असाच होतो, असं तो म्हणतो. ही शरम त्याने छापायला दिली, आणि ती वाचणाऱ्या प्रत्येकाला कादंबरीकाराची अटक आणि व्हिएतनाम दोन्ही वाचावे लागले.

शेवटची कविता 'गवत', २९ मे १९६८. शब्द अगदी मोजके: गवत, वारा, आडवं होणं, रडणं, उठणं, हसणं. मराठीत आणताना पहिली चूक क्रियापदात होते. मूळ क्रियापद 'नुप्दा', म्हणजे अंग टाकणं, आडवं होणं. माणूस झोपायला पडतो तसं. 'वाकणं' किंवा 'झुकणं' केलं की लगेच सत्तेपुढे मान तुकवणं असा अर्थ येतो, आणि मुळात तो नाही. दुसरी चूक काळात. पहिल्या कडव्यात रडणं भूतकाळात आहे, पुढच्या कडव्यांत सगळं वर्तमानात येतं. कानाला बरं वाटावं म्हणून एकच काळ केला तर ही हालचाल नाहीशी होते. तिसरी चूक क्रमात. दुसऱ्या कडव्यात गवत वाऱ्याच्याही आधी आडवं होतं, तिसऱ्यात वाऱ्यानंतर. उठतं मात्र दोन्हीकडे वाऱ्याआधी.

गवत म्हणजे जनता आणि वारा म्हणजे सत्ता, असा अर्थ सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या लोकशाही चळवळीने लावला. चळवळीला तो हवा होता आणि त्याने माणसांना बळ दिलं. पण कविता हसण्यावर संपत नाही. हसल्यानंतर आणखी एक ओळ आहे: आभाळ भरून येतं आणि गवताची मुळं आडवी होतात. सभांमध्ये म्हणताना ही ओळ गाळायचा मोह होतो, कारण तिच्यावर टाळ्या पडत नाहीत. भाषांतर करणाऱ्याने ती गाळू नये, 'मुळं'च्या जागी पुन्हा 'गवत'ही लिहू नये. आणि खाली तारीख ठेवावी. त्यानंतर सतराव्या दिवशी, १५ जूनच्या रात्री, साहित्यिक मित्रांबरोबर बसून कुसू-डोंगला परतताना त्याला बसने धडक दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वय ४६.