ओतीव गोळीचं बूड

(दृश्य: लोखंडी मुशीत वितळलेलं शिसं. पळीने वरची मळी बाजूला सारली जाते.)

अमेरिकेचं .30-06 हे जुन्या लष्करी रायफलींचं काडतूस. त्याची 150 ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला सुमारे 2,700 फूट वेगाने सुटायची. वीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 1,125 फूट. म्हणजे गोळी आवाजाच्या दुपटीहून वेगवान. कानठळ्या बसतात त्या नुसत्या दारूच्या धडाक्याने नव्हे, हवा फाडत जाणाऱ्या गोळीचाही कडकडाट त्यात असतो. तो नको असेल तर गोळी आवाजापेक्षा हळू सोडायची. थंडीत आवाजाचा वेग उतरतो, त्यामुळे उन्हाळ्यात गुपचूप जाणारी गोळी हिवाळ्यात कडाडू शकते.

बंदिस्त जागेत, पन्नास फुटांवर सराव करायचा तर एवढी ताकद हवी कशाला? म्हणून अमेरिकेत गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच याच मोठ्या रायफलींसाठी कमी दारूची, शिशाच्या हलक्या गोळीची काडतुसं निघाली. तांब्याचं कवच असलेली गोळी इथे उपयोगाची नाही. ती नळीत घट्ट घासत जाते आणि जोर अपुरा पडला तर मध्येच अडकते. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली की नळी फुटते. शिसं मऊ, ते सरकतं.

आता गोळी निवडायची कशी? नवखा माणूस आधी टोक बघतो. अणकुचीदार की बोथट? डॉ. फ्रँकलिन मान यांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढला. मॅसॅच्युसेट्समधले हे डॉक्टर. गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडायचे. 1909 साली त्यांनी निष्कर्ष छापले: टोक चेपलं तरी फारसं बिघडत नाही, बूड एका बाजूने जरा तुटलं की गोळी भरकटते. कारण नळीतून सर्वात शेवटी बाहेर पडतं ते बूड. तिथे एका बाजूने वायू आधी निसटला, की गोळीला तिरका धक्का बसलाच.

(दृश्य: साचा उघडतो. गोळी बोटांत धरून बुडाची कड नखाने तपासली जाते.)

नखाला कड टोचली पाहिजे. गोलसर लागली तर साचा थंड होता. गोळी परत मुशीत. साच्यावरची, जादा शिसं कापणारी पट्टी घाईने फिरवली तर शिसं फाटून बुडावर ओरखडा राहतो. हॅरी पोप या नळी घडवणाऱ्या कारागिराने तर साचाच उलटा केला: शिसं टोकाकडून ओतायचं, म्हणजे कापल्याची खूण टोकावर जाते आणि बूड स्वच्छ राहतं. त्याच्या रायफलींत गोळी नळीच्या तोंडातून दाबून बसवत आणि काडतूस मागून भरत. मागून ढकललेल्या गोळीच्या बुडाला आट्यांमुळे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांमुळे, शिशाचे बारीक पापुद्रे सुटतात, ते यात टळायचे. अशा हट्टी माणसांचं मला फार कौतुक आहे.

बुडानंतर माप. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून काढायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. आट्यांचा तळ 0.308 इंच भरला, तर गोळी 0.309 किंवा 0.310 हवी. बारीक गोळीच्या कडेने गरम वायू पुढे पळतो, शिसं वितळवतो आणि नळीला त्याचा लेप चढतो. तो खरवडत बसणं हे वैतागाचं काम.

कडक मिश्रधातू चांगला, हा समज इथे उलटा पडतो. शिसं, कथील, अँटिमनी मिसळून गोळी कठीण करता येते आणि जोरदार काडतुसाला ती लागतेही. पण कमी दाबात कडक गोळी फुगून नळी भरत नाही. मऊ भरते. जुने निशाणेबाज पंचवीस-तीस भाग शिशाला एक भाग कथील घालत, ते उगाच नाही. बुडाला तांब्याची टोपी बसवायची गरजही या वेगात सहसा पडत नाही.

वजन? लांब, जड गोळीला स्थिर राहायला जास्त गरगर लागते आणि हळू गोळी गरगर कमीच फिरते. आटे सैल पिळाचे असतील तर आखूड गोळीच घ्यावी.

भारतात हे घरगुती प्रयोग करता येत नाहीत. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायलाही परवाना लागतो. पण हेच शास्त्र कोल्हापूरकरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. पॅरिसमध्ये 2024 साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, 451.4 गुणांनी. त्या प्रकारात लागणारी .22 ची गोळी शिशाचीच, कवच नसलेली. आणि स्पर्धेची काडतुसं आवाजाच्या वेगाच्या जराशी खालीच ठेवतात. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळतात आणि एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट झाडून बघतात. एका नळीला जो लॉट मानवतो, तो शेजारच्या नळीला मानवेलच असं नाही.