सातशेचा आकडा

14 फेब्रुवारी 1990 च्या दुपारी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-320 विमान बंगळूरला उतरत होते. धावपट्टी समोर दिसत होती आणि दोन्ही इंजिने ठीक होती. तरीही विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले आणि त्यातील 146 जणांपैकी 92 जण मृत्युमुखी पडले.

ए-320 च्या कॉकपिटमध्ये समोरच्या काचेखाली गोल नॉबची एक ओळ असते. त्यात उंची ठरवण्याचा नॉब आणि खाली येण्याचा वेग ठरवण्याचा नॉब शेजारी-शेजारी असतात. वैमानिकाला मिनिटाला 700 फूट या वेगाने खाली यायचे असावे, पण हातून उंचीचा नॉब 700 वर फिरला असावा, अशी शक्यता चौकशीत पुढे आली. बंगळूरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,900 फुटांवर आहे. म्हणजे तसे घडले असेल, तर संगणकाला जमिनीच्या पोटातली उंची सांगितली गेली होती, आणि त्याने ती मुकाट्याने मान्य केली.

या आज्ञेत संगणक इंजिनांची शक्ती अगदी कमी करतो, आणि मार्ग सांभाळण्यासाठी वैमानिकाने विमानाचे नाक वर धरले, तर वेग घटत जातो. जुन्या विमानांत अशा वेळी थ्रॉटलचे, म्हणजे इंजिनांची शक्ती कमी-जास्त करणारे, दांडे आपोआप मागे सरकत आणि त्यांवर ठेवलेल्या हाताला ते न पाहताही कळे. ए-320 मध्ये ते जागचे हलत नाहीत. शक्ती उतरली आहे, एवढे सांगायला पडद्याच्या वरच्या कडेला बारीक अक्षरे असतात. उंची मोजणारा यांत्रिक आवाज चारशे, तीनशे, दोनशे असे पुकारत असतानाही थ्रॉटल पुढे ढकलायला उशीर झाला. चौकशी न्यायालयाने दोष वैमानिकांवर ठेवला. तो अगदीच खोटा नाही. पण ज्या हाताला वर्षानुवर्षे दांड्यांनी सांगितले, त्याला इथे कोणीच काही सांगत नव्हते, हेही त्याच पानावर लिहायला हवे होते.

20 जानेवारी 1992 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअर इंटरचे ए-320 डोंगरावर आदळून 87 जण दगावले. तिथे उतरणीचा कोन 3.3 अंश ठेवायचा होता. मात्र यंत्रणा बहुधा दुसऱ्याच पद्धतीवर होती आणि तिथे दिसणाऱ्या 33 चा अर्थ मिनिटाला 3,300 फूट असा होता. दोन्ही आकड्यांत फरक दशांश चिन्हाचा. त्यानंतर पडद्यावरचा उतरण्याचा वेग चारही अंकांत, म्हणजे 3300 असा, दाखवण्याची सुधारणा झाली.