पट्टी, दिवा आणि आमचे मेहुणे

नमस्कार मंडळी. सात वाजता हा हॉल भजनी मंडळाला द्यायचा आहे, त्यांचे तबले दाराशी येऊनही बसलेत, तेव्हा लगेच विषयाला हात घालतो. विषय आहे जुन्या डिझेल गाडीला ऑइल लेव्हलचा सेन्सर बसवणं. सभागृहात जुनी डिझेल गाडी कुणाकडे आहे? तीन हात. बाकीचे पंख्यासाठी आलेत, त्यांचंही स्वागत.

मुंबईत जुनं डिझेल म्हटलं की मला पद्मिनीची 137 डी आठवते. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली प्रीमियर, कुर्ल्याचा कारखाना, आणि त्या डिझेलची अशी धडधड की गाडी वळणावर दिसायच्या आधी कळायचं कोण आलं. ऑक्टोबर 2023मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि ती रस्त्यावरून गेली. आपल्या खासगी गाड्या मात्र पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून चालवता येतात. म्हणजे म्हातारीला सांभाळणं आलं.

माझीही एक म्हातारी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची नव्हतीच. गणपतीला गावी निघालो होतो. मागे सौभाग्यवती, मांडीवर मखराची घडी. पुढे माझ्या शेजारी मेहुणे. ते आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांची परवानगी घेतलेली नाही. कशेडी घाटात डाव्या वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकला. सरळ रस्ता आला, गेला. पुढच्या वळणावर पुन्हा. मेहुणे म्हणाले, "लूज कनेक्शन असणार," आणि त्यांनी डॅशबोर्डवर बुक्की मारली. नेमका त्याच क्षणी रस्ता सरळ झाला आणि दिवा विझला. "बघा!" म्हणाले. मीही बघितलं. आयुष्यभर कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त केलेला माणूस, मी एका बुक्कीवर विश्वास ठेवला.

भरणे नाक्याला चहाला थांबलो तेव्हा ऑइल मोजायची पट्टी काढली. टोकाला नखाएवढा ओलावा. अडीच लिटर ओतल्यावर कुठे खालची खूण भिजली. गावी पोचलो, आरत्या झाल्या, परत आलो आणि दिवाळीच्या सुमाराला इंजिनाच्या तळातून टकटक सुरू झाली. कनेक्टिंग रॉडची बेरिंगं. मेकॅनिकनं इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवून बोटावर चुरा घेऊन दाखवला, चांदीच्या वर्खासारखा. खर्च सांगत नाही, सौभाग्यवती हॉलमध्ये आहेत.

(मेहुणे: "दिवा खरंच विझला होता!")

विझला होता, आणि माझी तक्रार तीच आहे. त्या दिव्याला आपण सगळे ऑइलचा दिवा म्हणतो, पण तो ऑइल किती आहे हे सांगतच नाही. तो दाब सांगतो. दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेला की तो लागतो. चेंबरच्या तळाशी पंपाची जाळी असते, ती बुडालेली आहे तोवर पंप खुशाल दाब देतो, मग चेंबर निम्मा रिकामा असो. वळणावर ऑइल एका बाजूला गेलं, जाळीनं हवा ओढली, तेव्हा दिवा लागला. म्हणजे बेरिंग कोरडं पडायला लागल्यावर.

मग मी सेन्सरच्या मागे लागलो. पहिला प्रयोग सांगतो आणि हसून घ्या. आमच्या सोसायटीच्या टाकीला ओव्हरफ्लोचा अलार्म आहे, दोन तारा आणि एक भोंगा. म्हटलं, हाच लावू. लॅमिंग्टन रोडवरून आणला, डब्यात इंजिन ऑइल घेतलं, तारा बुडवल्या. भोंगा मुका. पाण्यातून वीज जाते, ऑइलमधून नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये ऑइल भरतात ते काय उगीच?

किती वाजले? पावणेसात. अरे बापरे. आता भराभर.

नव्या गाड्यांत काही ठिकाणी पट्टीतच बारीक तार असते. किल्ली फिरवली की ती क्षणभर तापवतात. ऑइलमध्ये असेल तर लवकर थंड होते, उघडी असेल तर तापते, त्यावरून पातळी कळते. जुन्या गाडीला ते गणित करणारा कॉम्प्युटर नाही. आपल्याला फ्लोट बरा: चुंबक असलेला तरंगता गोळा आणि आत त्या चुंबकानं जुळणारा-सुटणारा रीड स्विच. पाण्याच्या टाकीचा प्लॅस्टिकचा नको, 120 अंशाच्या पुढची गरमी सोसेल असा स्टीलचा घ्या. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, म्हणून दर ऑइल बदलताना पुसा.

उंची कशी ठरवायची? गवंड्याची लेव्हलची नळी. गाडी सपाट जागी, ऑइल पट्टीच्या खालच्या खुणेपर्यंत, ऑइल सोडायच्या, म्हणजे ड्रेनच्या भोकाला पारदर्शक नळी जोडून वर धरायची. घट्ट ऑइल चढायला वेळ घेतं, घाई नको. नळीत जिथे थांबेल तिथे चेंबरवर खडूची रेघ. फ्लोट त्या रेघेच्या किंचित वर. मग चेंबर उतरवून, धुऊन, फ्लोट बसवायला आटे पाडलेला तुकडा वेल्डिंग करून घ्यायचा. गाडीखाली झोपून ऑइलच्या चेंबरला वेल्डिंग करणारा भेटला तर पळा.

आता माझा लाडका भाग. चालत्या गाडीत पातळी मोजायचीच नाही, तिथे नुसते हेलकावे. एलईडीची एक वायर, रेझिस्टर लावून, किल्लीच्या लाइनला. दुसरी फ्लोटमधून त्याच जुन्या दाबाच्या स्विचला. इंजिन बंद असताना तो स्विच अर्थला जोडलेला असतो, सुरू झालं की सुटतो. म्हणजे एलईडी फक्त सुरू करण्याआधी बोलते, ऑइल रात्रभर खाली बसलेलं असताना. ना टायमर, ना सर्किट. वायर तुटली तर मात्र ती गप्प राहील, म्हणून आठवड्याला पट्टी काढायचीच. जास्त भरल्याचंही ती सांगत नाही, आणि डिझेलमध्ये ते वाईट: जादा ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, हवेच्या वाटेनं आत गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. हवेची वाट बंद करावी लागते.

हो हो, आले तबले. प्रश्न खाली. माझी गाडी तिथेच आहे, दिवा बघायला या. पण किल्ली फिरवल्यावर लागला तर घाबरू नका, ऑइल सकाळीच पूर्ण भरलंय. पार्किंग न मिळाल्यानं दोन चाकं फुटपाथवर आहेत.