इताजाईकाठचा ऑक्टोबर

(दृश्य : पहाट, नदीवरचे धुके, काठावरची मोजपट्टी)

ब्राझीलच्या दक्षिणेला, सांता कातारिना राज्यात, इताजाई-असू नदीच्या वळणावर ब्लुमेनाऊ हे शहर वसले आहे. या शहरातील पुराच्या टप्प्यात येणाऱ्या रस्त्यांना नावाखेरीज एक आकडाही असतो. नदी किती मीटरवर गेली म्हणजे त्या रस्त्यावर पाणी चढते, हे तो आकडा सांगतो. नगरपालिका त्यांची यादी प्रसिद्ध करते आणि घर शोधणारा माणूस ती पाहून ठेवतो. साधारण आठ मीटरपासून सखल भागात पाणी शिरू लागते. जुलै 1983 मध्ये नदी 15.34 मीटरवर गेली होती. चिखल उपसून, भिंती धुऊन, दुकाने पुन्हा उघडून वर्ष होते न होते तोच ऑगस्ट 1984 मध्ये ती 15.46 मीटरवर, म्हणजे जवळजवळ 51 फुटांवर पोहोचली. सांगलीच्या आयर्विन पुलावरचे आकडे ज्यांनी रात्र जागून ऐकले आहेत, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

त्या दुसऱ्या पुराला दोन महिने होत होते, तेव्हा या शहराने बिअरचा उत्सव भरवला.

(दृश्य : 1984 सालची छायाचित्रे, प्रदर्शनाचा मंडप, लांब बाके, गर्दी)

ऑक्टोबर 1984 मध्ये व्यापारी प्रदर्शनांसाठी बांधलेल्या एका मंडपात दहा दिवस हा पहिला ऑक्टोबरफेस्ट झाला. शहराची लोकसंख्या तेव्हा दोन लाखांच्या आत होती आणि त्या दहा दिवसांत एक लाखाहून अधिक माणसे मंडपात येऊन गेली. शहराला पर्यटनातून उत्पन्न मिळावे, कापडाच्या कारखान्यांवरचा भार थोडा हलका व्हावा, असा हिशेब त्यामागे होता, आणि तो असण्यात काही गैर नाही. तरीही या जुन्या छायाचित्रांतल्या माणसांकडे पाहावे. यांपैकी कित्येकांच्या घरातल्या भिंती अजून सुकायच्या होत्या.

(दृश्य : उत्सवाचे आजचे प्रवेशद्वार, फुलांच्या माळा, निळे-पांढरे झेंडे)

जर्मनीतील म्युनिकचा मूळ ऑक्टोबरफेस्ट एका लग्नातून सुरू झाला. 12 ऑक्टोबर 1810 रोजी दक्षिण जर्मनीतील बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझा यांचा विवाह झाला, त्यानिमित्त गावाबाहेरच्या कुरणावर घोड्यांच्या शर्यती ठेवण्यात आल्या, आणि पुढे शर्यती मागे पडून बिअरचे तंबू उरले. ब्लुमेनाऊने नाव तिथून घेतले, महिना तिथून घेतला, पोशाखही तिथूनच घेतला. विषुववृत्ताच्या दक्षिणेला मात्र ऑक्टोबरात वसंत असतो. त्यामुळे म्युनिकमध्ये थंडीच्या तोंडावर घातली जाणारी चामड्याची अर्धी विजार आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे येथे दमट उकाड्यात, मध्येच येणाऱ्या पावसाच्या सरीत घातले जातात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या शहराच्या संस्थापकांपैकी फारच थोडे लोक बव्हेरियाचे होते. औषधनिर्माणशास्त्र शिकलेला हेर्मान ब्लुमेनाऊ हा हार्त्स पर्वताच्या परिसरातला. 2 सप्टेंबर 1850 रोजी त्याच्या वसाहतीत उतरलेले पहिले 17 जण आणि त्यांच्यामागून आलेली कुटुंबे यांतील बहुतेकांची मुळे जर्मनीच्या उत्तरेकडील आणि पूर्वेकडील प्रदेशांत होती. जवळच्या पोमेरोडे या गावाचे नावच बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरानिया या प्रदेशावरून पडले आहे. यांच्या आजी-पणजींनी हा घेरदार झगा आणि हा एप्रन कधी अंगाला लावला नव्हता. त्यामुळे बाहेरून येणारे अभ्यासक या उत्सवाला कधी कधी ‘बनावट’ म्हणतात. आमच्या मते हा शब्द अन्यायकारक आहे. वारशाने आलेली गोष्ट सांभाळायला निष्ठा लागते, तशीच ती दुसरीकडून निवडून घेऊन 40 वर्षे अंगवळणी पाडायलाही लागते, आणि अशी निवड करावी लागण्यामागे या शहराचा एक इतिहास आहे.

(दृश्य : जुन्या वृत्तपत्राचे पिवळे पडलेले पान, जर्मन वळणाची छपाई)

हे ‘देर उरवाल्ड्सबोटे’, म्हणजे ‘अरण्याचा दूत’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले हे वृत्तपत्र जर्मन भाषेत ब्लुमेनाऊतच छापले जात असे. शाळा जर्मन होत्या, गायनमंडळे जर्मन होती, नेमबाजीच्या मंडळांचे हिशेब जर्मनमध्ये लिहिले जात होते. 1937 मध्ये जेतुलिओ वार्गास यांची हुकूमशाही राजवट सुरू झाली आणि तिने राष्ट्रीयीकरणाची मोहीम हाती घेतली. शाळांमधून जर्मन भाषा गेली, वृत्तपत्रे बंद पडली, मंडळांना पोर्तुगीज नावे घ्यावी लागली, आणि ऑगस्ट 1942 मध्ये ब्राझीलने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्यानंतर रस्त्यावर जर्मन बोलणाऱ्याला पोलीस पकडून नेऊ लागले. आईने मुलाला घराबाहेर गप्प राहायला शिकवले, आणि त्या मुलाने आपल्या मुलांना ती भाषा शिकवलीच नाही. विला इतोउपावासारख्या भागात ती अजून ऐकू येते. शहराच्या मध्यवर्ती भागात मात्र पोर्तुगीजच चालते. 1984 मध्ये ज्यांनी म्युनिककडे पाहिले, त्यांच्या हाताशी स्वतःचे असे सलग काही उरलेले नव्हते. जे हाताला लागले, ते त्यांनी घट्ट धरले.

(दृश्य : लाकडी चौकटीचे घर, कॅमेरा हळूहळू एका सांध्यावर जातो)

हे घर पोमेरोडेच्या तेस्तो आल्तो भागातले आहे. उभ्या, आडव्या आणि तिरक्या तुळयांची चौकट आधी उभी करायची आणि मधले चौकोन विटांनी भरून काढायचे, अशी ही बांधणी आहे. सांध्यात लोखंडी खिळा नाही. एका तुळईचे टोक दुसरीच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली आहे. आता या सांध्याच्या कडेला पाहा. येथे छिन्नीने चार रेघा मारलेल्या दिसतात आणि समोरच्या तुळईवरही तेवढ्याच रेघा आहेत. सुताराने सारी चौकट आधी जमिनीवर जुळवली, प्रत्येक जोडीला आकडा दिला, मग ती सुटी करून जागेवर पुन्हा उभी केली. शहरातली बरीचशी ‘जर्मन’ घरे 1970 च्या दशकानंतरची असून त्यांच्या सिमेंटच्या भिंतीवर नुसत्या लाकडी पट्ट्या आहेत. पर्यटकांना त्या आवडतात आणि आम्हीही त्यांचे चित्रण केले आहे; परंतु हा सांधा पाहिल्यानंतर मन तिथे रमत नाही.

(दृश्य : रुआ क्विंझे दे नोवेम्ब्रो, मिरवणूक)

मिरवणूक शहराच्या या मुख्य रस्त्यावरून जाते. पुढे नेमबाजी मंडळांचे निशाणधारी, त्यांच्यामागे लोकनृत्याचे गट, मग टुबा आणि अकॉर्डियन वाजवणारी पथके, आणि मग सर्वांच्या आवडीची ही लांबलचक सायकल, जिला अनेक जण एकाच वेळी पेडल मारतात आणि जिच्यावर बिअरचे पिंप असते. सजवलेल्या गाड्यांवरून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांना पेले भरून दिले जातात. नाचणाऱ्यांचे चेहरे नीट पाहावेत. यांत जर्मन आडनावाची मुले आहेत, तशीच इटालियन, पोर्तुगीज आणि आफ्रिकी वंशाचीही आहेत. पोल्काच्या ठेक्यावर सगळ्यांची टाच एकदम पडते.

(दृश्य : प्रवेशद्वारावरची पोशाखाची तपासणी)

पूर्ण पारंपरिक पोशाखात येणाऱ्याला ठरावीक दिवशी तिकीट लागत नाही, मात्र ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ येथे काटेकोरपणे घेतला जातो. मोजे हवेत, बूट साजेसे हवेत. खेळाचे बूट घालून आलेल्या तरुणाला तिकीटखिडकीकडे परत पाठवले जाते. काहींना हा हट्ट वाटेल. आम्हाला तो योग्य वाटला, कारण नियम सैल झाला असता तर बाजारात मिळणारी एक टोपी डोक्यावर ठेवून सारे आत आले असते.

(दृश्य : ब्रुअरी, तांब्याच्या रंगाची भांडी, वाफ, नळाखाली धरलेला पेला)

आता बिअरकडे येऊ. ब्राझीलमध्ये पिंपातून थेट पेल्यात येणाऱ्या ताज्या बिअरला ‘शोपी’ म्हणतात आणि या शब्दाचे नाते ‘शोपेन’ या जुन्या जर्मन मापाशी आहे. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, येथे भरडले जाते आणि सुमारे 65 अंश तापमानाच्या पाण्यात मुरत ठेवले जाते. दाण्यातल्या पिष्टाची साखर होते आणि पाणी गोड होते. त्याच दाण्यांची टरफले तळाशी बसून गाळणीचे काम करतात. गाळून आलेला रस हॉप्सची फुले घालून तासभर उकळतात. कडवटपणा आणि सुगंध या फुलांतून येतो. मग रस झपाट्याने थंड करून त्यात यीस्ट सोडले जाते. लागर जातीच्या बिअरचे यीस्ट सुमारे दहा अंशांच्या गारव्यात सावकाश काम करते, आणि त्यानंतर ती बिअर शून्य अंशाच्या जवळपास कित्येक आठवडे नुसती पडून असते. या थांबण्यातच तिचा स्वच्छपणा असतो.

एकोणिसाव्या शतकात या दरीत बर्फ नव्हता, थंड तळघरे नव्हती. त्यामुळे तेव्हा ब्राझीलमध्ये उन्हाळी तापमानात चालणारे, वर फेस आणणारे यीस्ट वापरून बिअर केली जाई. ती बाटलीत भरल्यावरही आंबत राही, आतला वायू वाढे आणि बूच उडून जाई. म्हणून बूच सुतळीने बाटलीच्या गळ्याला बांधत. पोर्तुगीजमध्ये सुतळीला ‘बार्बांते’ म्हणतात आणि त्या बिअरलाही लोक ‘बार्बांते’ म्हणू लागले. पुढे शीतयंत्रे आली, मोठे कारखाने आले आणि सुतळीची बिअर नाहीशी झाली. या शतकाच्या सुरुवातीला ब्लुमेनाऊ आणि आसपासच्या गावांत पुन्हा लहान ब्रुअरी उभ्या राहू लागल्या आणि आज उत्सवाच्या मंडपात मोठ्या कंपनीच्या नळांबरोबर त्यांचेही नळ आहेत. आमचा जीव या लहान नळांपाशी अडकला, हे प्रेक्षकांच्या लक्षात आलेच असेल.

(दृश्य : व्यासपीठ, एक मीटर लांबीचा पेला)

हा पेला एक मीटर लांब आहे आणि त्यात 600 मिलिलिटर शोपी मावते. स्पर्धकाने पेला ओठांपासून न काढता आणि थेंब न सांडता तो रिकामा करायचा असतो. खरी कसोटी शेवटच्या वितीत लागते. पेला वर उचलला की हवा तळाकडे धावते आणि उरलेली बिअर एकदम तोंडावर येते. या बाईंच्या बोटांकडे लक्ष द्यावे. त्या पेला सरळ वर नेत नाहीत, तो स्वतःभोवती हलके हलके फिरवत नेतात, त्यामुळे हवा काठाने शिरते आणि धार तुटत नाही. पेला खाली येतो तेव्हा त्यांच्या हनुवटीवर एकही थेंब नाही.

(दृश्य : रात्र, मंडपाबाहेरचे रस्ते, मग पुन्हा नदी)

उत्सवाला आता काही लाख माणसे येतात. मद्यपानातून होणारे अपघात, भांडणे आणि कचरा हे प्रश्न आहेत आणि पोलीस, बस आणि सफाईची व्यवस्था त्यासाठी वाढवावी लागते. शहराला पुरापासून वाचवण्यासाठी वरच्या खोऱ्यात बांधलेले मोठे धरण लाक्लानो शोक्लेंग या आदिवासींच्या भूमीवर आहे आणि पाणी अडवले की त्यांची घरे आणि रस्ते बुडतात. तो विषय स्वतंत्र माहितीपटाचा आहे. 2020 आणि 2021 मध्ये महासाथीमुळे उत्सव झाला नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नदी पुन्हा चढली आणि सुरू झालेला उत्सव मध्येच थांबवावा लागला. पाणी उतरल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

(दृश्य : नृत्यगटाची खोली, शिवणयंत्र, टांगलेले पोशाख)

ही खोली एका नृत्यगटाची आहे. उत्सव संपून चार दिवस झाले आहेत. पोशाख धुऊन, इस्त्री करून भिंतीला ओळीने टांगले आहेत आणि प्रत्येकाच्या गळ्याला आतून नावाची चिंधी शिवलेली आहे. यंत्रावर बसलेल्या आजी गेली कित्येक वर्षे हे काम विनामोबदला करतात. त्यांच्या हातात दहा वर्षांच्या मुलीची चोळी आहे. ती शिवतानाच त्यांनी दोन्ही बगलांच्या शिवणीत तीन-तीन बोटे कापड आत मुडपून ठेवले होते. आता त्या कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवतात, मुडपलेले कापड नखाने सरळ करतात आणि मुलीला समोर उभी करून तिच्या छातीभोवती टेप धरतात. आत राहिलेल्या कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद आहे.